चौतीस मिनिटांचा अल्बम आणि सरावाची खोली

पोस्ट जरा लांब आहे. विषय परक्या मुलखातला आहे, पण शेवटी आपल्या नगरपालिकेपाशी येऊन थांबतो, म्हणून वाचा.

टोमास लिंडबर्ग सप्टेंबर २०२५ मध्ये कर्करोगाने गेला. वय ५२. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात तो शाळेत समाजशास्त्र शिकवायचा आणि 'अ‍ॅट द गेट्स' नावाच्या डेथ मेटल बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा. पहिल्यांदा ऐकणारा माणूस म्हणतो, "हे काय गाणं आहे का?" पण त्या आरडाओरड्याच्या मागे दोन गिटारी काय वाजवतात ते ऐका. दोन सनया एकमेकींचा हात धरून वर-खाली चालाव्यात, तशा त्या चालतात. म्हणून या प्रकाराला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात.

१९९५ मध्ये या बँडचा चौथा अल्बम आला, 'स्लॉटर ऑफ द सोल'. पोरं विशीतली. अँडर्स आणि जोनास ब्यॉर्लर हे जुळे भाऊ, एक गिटारवर, दुसरा बेसवर. आधीच्या अल्बमांत गाणी वळणावळणाची, मध्येच व्हायोलिन. या वेळी त्यांनी ठरवून कात्री चालवली. चांगला उपसंपादक फुगलेली बातमी कापतो ना, तशी. अकरा तुकडे, सगळे मिळून ३४ मिनिटं. एकही ओळ फुकट नाही. रेकॉर्डिंग गावातल्याच फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉमच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये. त्याच काळात 'डार्क ट्रँक्विलिटी' आणि 'इन फ्लेम्स' या गोथेनबर्गच्याच बँडांचे गाजलेले अल्बम त्याच स्टुडिओत झाले. एका शहराच्या नावाने संगीताची शैली ओळखली जाऊ लागली!

अल्बमचं स्वागत चांगलं झालं, दौरे झाले. आणि १९९६ मध्ये बँड फुटला. अँडर्स बाहेर पडला आणि खेळ खलास. पण अल्बम थांबला नाही. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतली पोरं त्यातल्या चाली गिरवत होती. 'मेटलकोर' म्हणून जे तिकडे तुफान चाललं, त्यातला मोठा हिस्सा या ३४ मिनिटांतून निघाला. 'डार्केस्ट अवर' नावाचा अमेरिकन बँड तर रेकॉर्डिंगला थेट स्टुडिओ फ्रेडमनला गेला. २००८ मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली, २०१४ मध्ये नवा अल्बम काढला.

आता मुद्द्याचं. एक कोटीच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या देशात इतके बँड येतात कुठून? थंडी, अंधार, रिकामा वेळ, ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात. पण तिथे पैशाची आणि जागेची सोय आहे. जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेची संगीत शाळा असते, पोरांना अल्प फीमध्ये वाद्य शिकायला मिळतं. शिवाय प्रौढ शिक्षणासाठी 'अभ्यास मंडळं' आहेत, कामगार चळवळीच्या काळापासूनची. त्यांना सरकारी अनुदान मिळतं. चार पोरांनी बँड काढला तर तोही अभ्यासवर्ग धरला जातो. हजेरी भरायची आणि सरावाला खोली वापरायची. काय वाजवता, देवाचं की सैतानाचं, कुणी विचारत नाही.

तिथे सगळं गोड आहे असंही नाही. खोट्या हजेऱ्या दाखवून अनुदान लाटल्याची प्रकरणं निघाली. (आपल्याला मस्टर कसं भरतात ते सांगायला नको.) त्यानंतर सरकारने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने या अनुदानाला मोठी कात्री लावली. चोर पकडायचे सोडून खोलीलाच कुलूप, असं तिथले कलावंत म्हणत असतील तर त्यांचं चूक नाही.

आपल्याकडे काय आहे? मुंबईत धोबी तलावचं रंगभवन ही रॉकवाल्यांची हक्काची जागा होती. शेजारी रुग्णालय, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि कार्यक्रम बंद झाले. नियम चुकीचा नव्हता, पण बदली जागा द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. छोट्या गावांचं तर विचारूच नका. आमच्याकडची बेंजो पार्टीची पोरं शेतात, ढोलपथकं पुलाखाली सराव करतात. लोक तक्रार करतात, पोलीस हाकलतात, दोघांचंही बरोबर असतं. आणि पालिकेचं सांस्कृतिक भवन लग्न नाहीतर नेत्याचा वाढदिवस असल्याशिवाय उघडत नाही.

मी डेथ मेटल ऐका म्हणत नाही. भारूड असो, बेंजो असो की गिटार, आवाज बाहेर जाणार नाही अशी एक खोली, चार प्लग आणि रात्री नऊपर्यंत किल्ली, एवढंच. त्यातून जगाला ऐकू जाणारं काही निघेलच याची हमी नाही. गोथेनबर्गमध्येही शेकडो बँड विसरले गेले.

पालिकेचं बजेट फेब्रुवारीत येतं. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढंच विचारा : सांस्कृतिक कार्याच्या खात्यात किती पैसे आहेत, आणि त्यातले मंडप-हारतुऱ्यांत किती गेले? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये लिहा. मी बातमी करतो.