सादळलेली चौदा पोती

खताची पोती भुईवर टाकू नका, खाली फळ्या घाला, भिंतीला टेकवू नका, हे मी गावोगावच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि २०१६ च्या मे महिन्यात मळ्यातल्या हौदासाठी आणलेली सिमेंटची चौदा पोती मी स्वतः गोठ्याच्या पडवीत, सारवलेल्या भुईवर, भिंतीला टेकवून रचली.

हौद पंधरवड्यात व्हायचा होता. पण वाळू वेळेवर आली नाही, मग पेरणीची घाई. मंडळींनी एकदा सुचवलेही, "अहो, पडवीत ओल येतेय." मी म्हटले, पोती प्लॅस्टिकची आहेत. बोलूनचालून मी बी. एस्सी. अ‍ॅग्री! विणलेल्या पोत्याच्या वीणेतून आणि शिवणीतून दमट हवा आत शिरते, हे तेव्हा सुचले नाही.

श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा गवंडीमामा आले. खालच्या थरातल्या पोत्यांचे धोंडे झाले होते, वरच्यांत गोळे. मामांनी एका पोत्यात हात घातला. चांगले सिमेंट हाताला थंडगार लागते. मग एक गोळा चिमटीत दाबला, तो फुटेना.

"दादा, हे मेलं."

"चाळून घ्या की."

"तुम्ही म्हणता म्हणून घेतो."

दाणे सादळले तर उन्हात घालता येतात. सिमेंटचे तसे नाही. ते वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. हवेतल्या ओलीने तो संयोग एकदा झाला की ती ताकद परत येत नाही. चाळणीने गोळे निघतात, पण खाली पडलेली पूडही अर्धीमुर्धी कामातून गेलेली असते.

हौद भरला आणि तिसऱ्या दिवशी वीतभर पाणी उतरले. गिलाव्यावर हात फिरवला की पूड हाताला येई. गावात बोलणे सुरू झाले, गवंड्याने सिमेंट कमी घातले. पारावर हे माझ्यासमोर बोलले गेले आणि मी चहा पीत बसलो. मामांना एका घराचे काम ठरले होते, ते लोक कचरू लागल्याचे कळले तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो आणि पोत्यांची खरी हकीकत सांगितली. तोवर काम दुसऱ्याला गेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात गिलावा उकरून नवा करायचा ठरला. या वेळी विटांवर फळ्या टाकून थप्पी वीतभर उंच घेतली, भिंतीपासून दीड फूट दूर. पोती एकमेकांना लागून ठेवली, म्हणजे मध्ये हवा खेळत नाही. दहाच्या वर थर नको, खालचे दाबाने आवळते. वरून प्लॅस्टिकचा कागद. पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात भरले तेही छापलेले असते, ते पाहूनच घेतले. तीन महिन्यांवरचे सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. वाळूही झाकली, कारण ओली वाळू फुगते आणि घमेल्याचे माप चुकते. विटांचे मात्र उलटे, त्या बांधण्याआधी भिजवाव्या लागतात!

मामांना बोलावणे धाडले. येतील असे वाटत नव्हते, पण आले. बोलले काही नाहीत. पोते फोडून कोपरापर्यंत हात आत घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि बिगाऱ्याला म्हणाले, "कालव माल."