सोळा विमानांचा हिशेब

युद्धांचा इतिहास वाचीत असतां कांहीं प्रसंग असे आढळतात कीं, त्यांचा जमाखर्च मांडावयास बसलें तर तो रूढ वहींत बसत नाहीं. १८ एप्रिल १९४२ रोजीं अमेरिकेच्या १६ विमानांनीं टोकियो, योकोहामा, नागोया, कोबे इत्यादि जपानी शहरांवर जो हल्ला केला, तो अशा प्रसंगांपैकींच एक होय. केवळ पडझडीच्या मापानें पाहिलें तर तो जवळजवळ निष्फळ ठरतो. आणि तरीही त्या महायुद्धांतील कित्येक मोठ्या लढायांपेक्षां त्याचें नांव लोकांच्या स्मरणांत अधिक टिकलें आहे. असें कां व्हावें, हा विचार आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत आहे. तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हकीकत थोडक्यांत अशी. लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल हे त्या तुकडीचे नायक. जमिनीवरून उडण्यासाठीं बांधलेलीं बी-२५ जातीचीं विमानें 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजावरून उडवावयाचीं, जपानवर बाँब टाकावयाचे, आणि जहाजावर परत उतरणें शक्य नसल्यामुळें तसेंच पुढें चीनमध्यें जावयाचें, असा बेत होता. परंतु जपानच्या एका पहाऱ्यावरील नौकेनें हीं जहाजें पाहिलीं, आणि ठरल्या वेळेच्या सुमारें १० तास आधींच विमानें सोडावीं लागलीं. माणसें ८०, प्रत्येक विमानांत पांचपांचशें पौंडांचे अवघे चार बाँब. जपानमध्यें सुमारें ५० माणसें मेलीं, त्यांत एक शाळकरी मुलगाही होता. कारखान्यांची हानि किरकोळच झाली. उलटपक्षीं एकही विमान ठरलेल्या तळावर पोंचलें नाहीं. १५ चीनमध्यें किंवा तेथील किनाऱ्यालगत नष्ट झालीं, आणि एक व्लादिव्होस्तोकजवळ उतरलें, तेथें रशियनांनीं तें अडकवून ठेवलें. आठ वैमानिक जपान्यांच्या हातीं सांपडले. त्यांपैकीं तिघांना १५ ऑक्टोबर १९४२ रोजीं गोळ्या घालण्यांत आल्या व एक कैदेंत मेला. आपल्यावर आतां लष्करी न्यायासनापुढें उभें राहण्याची पाळी येणार, असेंच खुद्द डूलिटल यांस वाटत होतें. प्रत्यक्षांत त्यांस त्यांच्या देशाचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें.

आमच्या एका व्यवहारदक्ष स्नेह्यांपुढें ही गोष्ट निघाली, तेव्हां ते म्हणाले, "अहो, सोळाच्या सोळा विमानें देऊन पदरीं एवढेंच? हा व्यापार बुडीतच म्हणावयाचा!"

आम्हांस हा आक्षेप अपुरा वाटतो. तो काळ कोणता होता हें आधीं पाहिलें पाहिजे. १९४१ च्या डिसेंबरांत पर्ल हार्बर झालें, १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, मार्चमध्यें रंगून गेलें, आणि ९ एप्रिलला बातान येथील सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. थोडेसे बाँब मनावर काय परिणाम करूं शकतात, याचा अनुभव हिंदुस्थाननेंही त्याच महिन्यांत घेतला होता. ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाडा येथें जपानी विमानें येऊन गेलीं. नुकसान बेताचेंच, पण तिकडे मद्रास शहरांतून माणसांचे लोंढे बाहेर पडूं लागले व सरकारी कचेऱ्यांनीं आंतल्या मुलुखाची वाट धरली. कोलंबो व त्रिंकोमाली यांवर हल्ले करणारा जपानी विमानवाहू ताफा १८ एप्रिलला आमच्याच महासागरांतून मायदेशीं परतण्याच्या वाटेवर होता. जपान अजिंक्य आहे, ही समजूत त्या दिवसांत स्वतःच एक सेना होऊन बसली होती, आणि डूलिटल यांच्या तुकडीचा खरा मारा होता तो तिच्यावर.

म्हणूनच तो हल्ला म्हणजे बाँबांच्या भाषेंत धाडलेला निरोप होता. जपाननें पूर्वीं अमेरिकन नाविकांस दिलेलीं मैत्रीचीं पदकें निघण्यापूर्वीं बाँबांना बांधण्यांत आलीं होतीं, हें या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. विमानें कोठून आलीं असें विचारतां अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं 'शांग्री-ला' असें उत्तर दिलें. जेम्स हिल्टन यांच्या कादंबरींतील तें कल्पित स्थळ. चार महिने पराभवाखेरीज दुसरें कांहीं न ऐकलेल्या राष्ट्राला त्या दिवशीं हंसतां आलें, ही कमाई आम्ही लहान मानीत नाहीं. शिवाय तो निरोप ज्याला धाडला त्यालाही झोंबला. मिडवे बेटावर चालून जाण्याचा ॲडमिरल यामामोटो यांचा बेत आधींच ठरत आला होता. या हल्ल्यानंतर त्याला असलेला उरलासुरला विरोध मावळला, आणि जूनमध्यें मिडवेजवळ जपाननें चार विमानवाहू जहाजें गमावलीं.

येथवर आमच्या स्नेह्यांस आम्ही निरुत्तर करूं शकतों. परंतु वहीचें एक पान अद्याप उलटावयाचें आहे. उतरलेल्या वैमानिकांपैकीं बहुतेकांस चिनी खेडुतांनीं आसरा दिला, अन्न दिलें व सुरक्षित स्थळीं पोंचविलें. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जपानी सैन्यानें झेजियांग व जियांगशी या प्रांतांत विमानतळ उखडले, गांवें जाळलीं आणि रोगजंतूही पसरविले. त्या मोहिमेंत मेलेल्या नागरिकांची संख्या अडीच लाखांपर्यंत असावी, असा चिनी अंदाज आहे. हा बेत पुढें ढकलावा अशी विनंति चँग कै-शेक यांनीं केली होती. ती मान्य झाली नाहीं. त्या खेडुतांना तर कोणी विचारलेंही नव्हतें.

त्या अत्याचारांचें पाप ज्यांनीं ते केले त्यांच्याच माथीं आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. वैमानिकांच्या धैर्याविषयींही आमच्या मनांत आदरच आहे. परंतु ज्यांनीं हा बेत मंजूर केला, त्यांस शत्रूच्या सूडाची कल्पना येण्याजोगी होती. धीर मिळाला तो अमेरिकेच्या शहरांना. त्याचें मोल मात्र चीनच्या शेतांवर वसूल झालें. राष्ट्राचें मनोधैर्य ही खरी शक्ति आहे, आणि तिच्यासाठीं प्रसंगीं रक्त सांडावें लागतें, हें आम्ही मान्य करतों. मात्र ज्याला धीर हवा त्यानेंच त्याची किंमत द्यावी, निदान जो देणार त्याला आधीं विचारावें, एवढी अट त्यासोबत असली पाहिजे. आजही दोन देशांत कोठें ठिणगी पडली कीं, आमच्या घरच्या बैठकींतसुद्धां पहिला प्रश्न निघतो तो "उत्तर दिलें कीं नाहीं?" हाच. त्या उत्तराचें प्रत्युत्तर कोणाच्या दारांत पडणार, हें विचारणारा क्वचितच भेटतो.

डूलिटल यांच्या साथीदारांनीं पुढें अनेक वर्षें आपलीं संमेलनें भरविलीं. त्यांच्यापाशीं ८० चांदीचे पेले होते. प्रत्येकावर एकेकाचें नांव एकदां सुलटें व एकदां उलटें कोरलेलें. एकेक जण गेला कीं त्याचा पेला पालथा घालीत. ९ नोव्हेंबर २०१३ रोजीं ओहायोंतील डेटन येथें त्यांनीं शेवटचें स्मरणपान केलें, आणि २०१९ सालीं त्यांच्यांतील अखेरचे रिचर्ड कोल हेही निवर्तले. ८० नांवें अशीं जपलीं गेलीं, तें योग्यच झालें. ज्या घरांनीं त्या भिजलेल्या, जखमी परक्यांना चुलीपाशीं बसविलें, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें मात्र कोणत्याही पेल्यावर नाहींत.