बेरीज करावी की वजाबाकी?

दिवेलागणीची वेळ असावी, देवापुढे शुभंकरोति म्हणून झालेली असावी, आणि घरातील दुसरी-तिसरीतले मूल वही पुढ्यात घेऊन गणिते सोडवावयास बसलेले असावे. थोड्याच वेळात ते पेन्सिल तोंडात धरून मान वर करते आणि जवळ जे वडील माणूस असेल त्यास विचारते, "आजोबा, इथे बेरीज करायची की वजाबाकी?" ज्या घरात हा प्रश्न कधी ऐकू आला नाही असे घर विरळा. आजोबा वर्तमानपत्रातून डोके न काढता "वजाबाकी कर" म्हणून सांगतात, मूल वजाबाकी करते, उत्तर बरोबर येते आणि दोघेही आपापल्या उद्योगास लागतात. कोणाचे काही बिघडले असे वाटत नाही. परंतु आमचे सारे आयुष्य यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत गेले आहे, आणि त्या अनुभवावरून आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, बिघडावयाचे ते नेमके याच क्षणी बिघडते.

हातचा घेणे, दशक मोडून त्याचे एकक करणे, या गोष्टी मूल सरावाने शिकते. शिकविणाराने चिकाटी धरली की त्या येतातच. पण समोरच्या प्रसंगात मिळवावयाचे की वजा करावयाचे हे ठरविणे ही निराळीच विद्या आहे. पहिल्या कामास हात लागतो, दुसऱ्यास विचार लागतो. आपण मुलास जेव्हा "वजाबाकी कर" असे सांगून मोकळे होतो, तेव्हा विचाराचा वाटा आपण उचलतो आणि हमाली तेवढी मुलाकडे ठेवतो.

ही चूक आम्ही स्वतः थोडीथोडकी नव्हे, दहा वर्षे केली. किंबहुना आम्ही तिला शास्त्राचे रूप दिले होते. वर्गाच्या भिंतीवर आम्ही गेरूने दोन रकाने आखले होते. एकावर 'बेरीज' असे लिहून खाली शब्द दिले होते: मिळून, एकूण, सगळे, आणखी. दुसऱ्यावर 'वजाबाकी' आणि त्याखाली: उरले, गेले, दिले, कमी. रोज पाढे झाले की मुले हे रकाने एका सुरात म्हणत. गणित वाचावयाचे, त्यात यांपैकी शब्द शोधावयाचा आणि भिंतीकडे पाहून क्रिया करावयाची, अशी ती युक्ती होती. परीक्षेत गुण चांगले पडत. तपासणीस येणारे साहेबही संतुष्ट होऊन जात. आम्हांस वाटे, केवढी सोपी वाट आपण काढून दिली!

ही गोष्ट 1992 सालच्या कापूस-वेचणीच्या हंगामातली. आम्ही त्या वेळी राळेगाव तालुक्यातील एका लहान गावी होतो. तिसरीच्या वर्गात वेचणीस जाणाऱ्या एका बाईची मुलगी होती. मुलगी आज्ञाधारक, भिंतीवरचे रकाने तिला सर्वांआधी पाठ झाले होते. आईस अक्षरओळख नव्हती. किलोस एक रुपया असा वेचणीचा ठराव होता आणि दिवाळीच्या तोंडावर बाईने 40 रुपये उचल घेतली होती. तीन दिवसांत तिने 65 किलो कापूस वेचला. हिशेबाच्या आदल्या रात्री तिने मुलीस सहज विचारले की, सगळी मिळून मजुरी 65 रुपये झाली, 40 आधीच घेतले, तर आता आणखी किती भेटायला पाहिजेत?

वाचकहो, या प्रश्नात 'सगळी' आहे, 'मिळून' आहे आणि 'आणखी'ही आहे. मुलीने डोळे मिटून आमची भिंत आठवली असणार. तिने हातच्याची चूक न करता बेरीज केली आणि सांगितले, "105."

दुसऱ्या दिवशी बाईने मालकाकडे 105 रुपये मागितले. तेथे हिशेबास बसलेल्या चारचौघींत हशा पिकला. बाई 25 रुपये घेऊन परतली आणि संध्याकाळी मुलीचा हात धरून आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक सुतळी होती. दर दहा रुपयांस एक गाठ, अशा सहा गाठी तिने मारल्या होत्या आणि शेवटी पाचाची एक लहान गाठ होती. उचल घेतल्याच्या चार गाठी तिने सोडल्या होत्या. उरल्या होत्या दोन मोठ्या गाठी आणि एक लहान. पंचवीस!

"गुरुजी, माही सुतळी खरं सांगत होती," ती म्हणाली. "पन म्या म्हटलं, पोरगी शिकून राह्यली, तिचंच बरोबर असन. चार बायांत हासू झालं माहं. आता नाही धाडत मी इले शाळेत. वेचाले येईन त दोन पैसे तरी भेटतीन."

आम्ही काय उत्तर देणार? मुलगी खाली मान घालून उभी होती. तिने आमची आज्ञा अक्षरशः पाळली होती. चूक तिची नव्हतीच. ती आमची होती. ज्या माऊलीने कधी शाळेची पायरी चढली नाही तिला बरोबर उत्तर ठाऊक होते, आणि केवळ शाळेवरील विश्वासामुळे तिने ते सोडून दिले. हा विश्वास आम्ही वाया घालविला, याचे शल्य आजही गेलेले नाही.

त्या रात्री संस्कृताच्या जुन्या अभ्यासातील एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. भास्कराचार्यांनी 'लीलावती' रचली ती शके 1072 मध्ये, म्हणजे 1150 साली. तीत बेरजेस 'संकलित' आणि वजाबाकीस 'व्यवकलित' म्हटले आहे. दोन्ही शब्द 'कल्' या एकाच धातूपासून निघाले; उपसर्ग तेवढे वेगळे. या धातूस मोजणे हा अर्थ आहे, आणि 'आकलन' हा आपल्या नित्य वापरातला शब्दही त्याच धातूचा! आधी आकलन, मग संकलन किंवा व्यवकलन. आम्ही पहिला शब्द गाळून उरलेले दोन शिकवीत होतो.

आचार्यांचा क्रमही विचार करण्याजोगा आहे. बेरीज-वजाबाकीच्या पहिल्या उदाहरणात ते 2, 5, 32, 193, 18, 10 आणि 100 या संख्यांची बेरीज विचारतात आणि ती 10,000 मधून वजा करावयास सांगतात. उत्तरे 360 आणि 9,640. येथे काय करावयाचे ते उघड सांगितले आहे, कारण हात बसवावयाचा आहे. पुढे मात्र भुंग्यांचा थवा येतो. त्याचा पाचवा भाग एका फुलावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांच्या अंतराची तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा मागे राहिला. तर सारे किती? उत्तर 15. येथे एक 'राहिला' म्हणून जो वजाबाकी करावयास धावेल तो फसेल. प्रसंग डोळ्यांपुढे उभा केल्यावाचून गत्यंतर नाही.

शब्द धरून धावण्याची ही खोड आमच्याच मुलांची आहे असेही नाही. 1979 च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणितशिक्षकांनी लहान मुलांस एक विचित्र प्रश्न घातला: जहाजावर 26 मेंढ्या व 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय काय? 97 मुलांपैकी 76 जणांनी दिलेल्या आकड्यांवरून कप्तानाचे वय सांगून टाकले! शाळेत प्रश्न आला की त्याचा अर्थ पाहावयाचा नसतो, आकडे जुळवावयाचे असतात, हे ती मुले शिकली होती.

दुसरा प्रयोग याहून आशादायक आहे. अमेरिकेत हडसन नावाच्या संशोधकाने 1983 साली तो प्रसिद्ध केला. मुलांस पक्षी व किडे यांचे चित्र दाखविले. "पक्षी किड्यांपेक्षा कितीने जास्त?" असे विचारले तेव्हा पहिलीतील शेकडा 64 मुलांनीच बरोबर उत्तर दिले. "प्रत्येक पक्षी एकेक किडा घेऊ लागला, तर किती पक्ष्यांस मिळणार नाही?" असे विचारताच सर्वांना उत्तर आले. आपल्या घरी पंगतीच्या वेळी हे पाहता येईल. बारा माणसे जेवावयाची आहेत आणि पाट नऊ आहेत, "किती जण पाटावाचून राहतील?" हे पाच वर्षांचे मूलही सांगते. तेच मूल 'पेक्षा जास्त' या शब्दांशी अडखळते. मग ज्यांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली चालते, अशा आमच्या जिल्ह्यातील मुलांस पुस्तकी मराठीतले हे शब्द किती जड जात असतील! ती भिंतीवरच्या रकान्याचाच आधार शोधणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या भिंतीवर चुना मारला आणि बाईकडे जाऊन विनंती केली की, शनिवारी सकाळच्या शाळेत येऊन ती सुतळी मुलांस दाखवावी. ती आली. पुढे केलेल्या खुर्चीवर मात्र बसली नाही. दाराशीच उभी राहून गाठी कशा मारावयाच्या आणि केव्हा सोडावयाच्या हे तिने सांगितले. प्रत्येक गाठ सोडताना ती काय झाले ते आधी बोले. आमच्या सबंध शिक्षणात जे राहून गेले होते ते एवढेच होते.

तेव्हापासून आम्ही जी रीत पाळली ती येथे देतो. घरच्या आजीआजोबांस ती सहज जमेल. प्रथम गणितातील आकडे झाकून ठेवावे आणि मुलास नुसती गोष्ट सांगावयास लावावे: टोपलीत काही संत्री होती, काही विकली, काही राहिली. मग विचारावे की, आपल्याला काय ठाऊक नाही? आधीचे, मधले की शेवटचे? "5 विकली, 8 राहिली, आधी किती होती?" यात 'राहिली' असूनही बेरीज करावी लागते, कारण विकलेली संत्री मनाने टोपलीत परत ठेवावयाची आहेत. "दादाजवळ 9 आंबे आहेत, ते ताईच्या आंब्यांपेक्षा 3 ने जास्त आहेत" यात 'जास्त' असूनही ताईचे आंबे काढण्यास वजाबाकी लागते. मूल अडले तर चिंचोके पुढे ठेवावे. नियम सांगू नये. उत्तर आल्यावर ते गोष्टीत परत घालून पाहावे. मजुरीच मुळी 65 झाली असेल, तर 105 येणे कसे बाकी असेल? एवढा एक प्रश्न त्या रात्री मुलीस सुचला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. कधी उलटही करावे: 65 आणि 40 हे आकडे देऊन मुलाकडून एक बेरजेची आणि एक वजाबाकीची गोष्ट रचून घ्यावी. आणि क्वचित कप्तानाच्या वयासारखा प्रश्न घालावा. "हे सांगता येत नाही" असे मूल धीटपणे म्हणाले तर त्यास शाबासकी द्यावी.

या रीतीने गणिते कमी होतात हे खरे. जेथे दहा सुटत तेथे तीन सुटतात, आणि घरातील माणसांस आपला वेळ मोडावा लागतो. पण जी तीन सुटतात ती मुलाची स्वतःची असतात.

बाईने मुलीस शाळेतून काढले नाही. पुढच्या हंगामात गावातील वेचणीच्या बायका हिशेबाच्या आदल्या संध्याकाळी तिच्याभोवती जमू लागल्या. एका वहीत ती प्रत्येकीच्या नावापुढे तीन रकाने मांडी: काम किती झाले, आधी किती घेतले, आता किती यायचे. ती वही तिने आम्हांस एकदा दाखविली. बेरीज किंवा वजाबाकी हे शब्द तीत कोठेच नव्हते, आणि हिशेब एकही चुकलेला नव्हता.

तेव्हा आज दिवेलागणीस नातवाने मान वर करून विचारले, "आजोबा, बेरीज करायची की वजाबाकी?", तर वर्तमानपत्र क्षणभर बाजूस ठेवावे आणि म्हणावे, "बाळ, आधी काय झाले ते मला सांग पाहू."