अधिक वेगाचें मोल

कारखान्यानें ठरवून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें प्रोसेसर चालविण्याची हौस पुष्कळ तरुणांना असते. तिला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. आमचा पुतण्या या छंदाचा निस्सीम उपासक आहे. १९९८ सालीं निघालेला ३०० मेगाहर्ट्झचा ‘सेलेरॉन ३०० ए’ लोक ४५० वर चालवीत, हा दाखला त्याच्या जिभेवर सदैव तयार असतो. दाखला खोटा नाहीं. अपुरा मात्र आहे.

प्रोसेसरमध्यें अब्जावधि ट्रान्झिस्टर विजेच्या बटनांप्रमाणें उघडमीट करीत असतात. वेग वाढविला कीं प्रत्येकाला काम उरकण्यास वेळ कमी मिळतो, आणि तें वेळेंत न उरकल्यास शून्याच्या जागीं एक पडतो. म्हणून व्होल्टेज वाढवितात. त्यानें ट्रान्झिस्टर चपळ होतात. परंतु या चपळाईचें मोल जबर आहे. व्होल्टेज व वेग दोन्ही शेंकडा १० वाढविल्यास या उघडमिटींत खर्च होणारी वीज, आणि म्हणून उष्णता, सुमारें शेंकडा ३३ वाढते. शिवाय यंत्र हळूहळू झिजतें, व काल ज्या व्होल्टेजवर तें सुरळीत चाललें, त्यावरच उद्यां अडखळतें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर स्वतःच प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागून अस्थिर होतात, हें त्या कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केलें, व ती मागणी १.५५ व्होल्टच्या आंत आणली. पण आधीं झालेली झीज कांहीं त्यानें भरून आली नाहीं.

यंत्र बंद पडलें तर निदान कळतें तरी. तें न कळतां चुकूं लागलें, म्हणजे खरी भीति. आमच्या घरीं संगणक एकच. त्यावर वहिनी शाळेचे गुण मांडतात, आणि दादांनीं कुलवृत्तान्तासाठीं जमविलेलीं सात पिढ्यांचीं नांवेंहि त्यांतच आहेत. तेव्हां साहस एकट्याचें असलें तरी नुकसान सर्वांचें.

म्हणून मीं पुतण्याला मनाई न करतां अटी घातल्या. प्रथम सर्व मजकुराची प्रत निराळ्या डिस्कवर काढून कपाटांत ठेवावी. वेग पायरीपायरीनें वाढवावा, व्होल्टेज लागेल तेवढेंच द्यावें. काम एकदम वाढलें कीं व्होल्टेज खालीं येतें. म्हणून रिकाम्या यंत्राची स्थिरता खरी मानूं नये. ‘प्राइम ९५’ हा प्रोग्राम यंत्राकडून अवघड गणितें करवून उत्तरें पडताळतो. तो रात्रभर चालवावा. आणि माघांतल्या थंडींत उतरलेली परीक्षा वैशाखांत पुन्हां घ्यावी.

परवां तिसऱ्या तासाला एक चूक निघाली.

“एकच आहे, काका. थोडें व्होल्टेज वाढवूं?”

“दादांच्या यादींतलें कोणतें एक नांव चुकलेलें तुला चालेल?”

तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें व्होल्टेजला हात न लावतां वेग १०० मेगाहर्ट्झनें उतरविला, आणि परीक्षा पहिल्यापासून पुन्हां सुरू केली. सकाळपर्यंत एकहि चूक निघाली नाहीं. त्या उतरलेल्या वेगाचाच मला अधिक अभिमान वाटला.