कोंबडीची कैफियत

गाय रवंथ थांबविते, बैल कडब्याला तोंड लावीनासा होतो, शेळी ओरडून घर डोक्यावर घेते, आणि धन्याला कळते की काही तरी बिघडले. कोंबडी मात्र आपले दुखणे शेवटच्या घटकेपर्यंत लपविते. कारण अशक्त दिसणाऱ्या सोबतिणीला कळपातल्या इतर कोंबड्याच आधी टोचून काढतात. त्यामुळे पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून ती कोपऱ्यात बसलेली आपल्या नजरेस पडते, तेव्हा व्याधी बहुधा दोन-तीन दिवसांची जुनी झालेली असते. या लपवाछपवीत तिच्या स्वाधीन नसलेली एकच गोष्ट म्हणजे तिची शीट. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतून पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी करण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला खुराड्याचे दार उघडताच आधी जमीन आणि मग कोंबडी पाहण्याची जी खोड जडली, ती यामुळेच. घरच्यांना ती किळसवाणी वाटते, आणि मी त्यांना दोष देत नाही.

ही कैफियत वाचावयाची तर निरोगी शीट आधी डोळ्यांत भरलेली असावी लागते, आणि नेमके तेवढेच कोणी करीत नाही. घट्ट, तपकिरी-करडी आणि माथ्यावर पांढरा थर असलेली शीट ही रोजची. तो पांढरा थर म्हणजेच पक्ष्याचे मूत्र, कारण पक्षी वेगळी लघवी करीत नाहीत, मूत्रपिंडातून आलेले यूरिक आम्ल विष्ठेबरोबरच बाहेर टाकतात. परंतु कोंबडीच्या पोटात टोकाशी बंद अशी दोन आंधळी आतडी असतात, ती दिवसातून दोन-चार वेळा स्वतंत्रपणे रिकामी होतात, आणि तेव्हा पडणारी शीट गडद, चिकट व अत्यंत दुर्गंधी असते. ती पाहून हगवण लागली म्हणून धावत येणारी नवशिकी माणसे मी पुष्कळ पाहिली. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी दिवसाकाठी एकदा-दोनदा उठते आणि एरवीच्या कितीतरी पट मोठा गोळा टाकते, तोही रोग नव्हे. मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला म्हणजे चोच उघडी टाकून धापणारी कोंबडी इतके पाणी पिते की शीट पाण्यासारखी पडावी यात नवल नाही. तिला औषध नको, सावलीत ठेवलेले आणि दुपारी पुन्हा बदललेले गार पाणी हवे.

रंग पाहून रोगाचे नाव ठोकून देण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. हिरवी शीट लसूणघास किंवा मेथीची पाने खाल्ल्याने पडते; मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीतही पडते; आणि कोणत्याही कारणाने उपाशी राहिलेल्या कोंबडीची पडते, कारण अन्नावाचून नुसते पित्तच आतड्यातून उतरते. अमळनेरकडच्या एका वस्तीवर हिरव्या शीटेच्या कोंबडीवरून मानमोडीची आवई उठली होती, आणि उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाने विकाव्यात असा विचार चालला होता. कोंबडीची मालकीण, एक वृद्ध बाई, डालगे माझ्यापुढे ठेवून एवढेच म्हणाली, "भाऊ, हिले काय व्हयनं?" मी ते डालगे रात्रभर कोरड्या गोणपाटावर तसेच ठेवावयास लावले, म्हणजे शीट नक्की कोणाची याविषयी वाद उरत नाही, आणि दाणापाणी बंद ठेविले. रात्रभरात अन्नपिशवी रिकामी होऊन पहाटे ती चोळामोळा झालेल्या कातड्यासारखी हाताला लागावयास हवी. या कोंबडीच्या गळ्याखाली मात्र घट्ट, टणक गोळा होता, आणि तो दाबताच चोचीतून आंबूस वास आला. वाळलेल्या गवताच्या लांब काड्या गिळून तिची अन्नपिशवी तटली होती. मान सरळ, श्वास मोकळा, तुरा लाल. थोडे गोडेतेल थेंबाथेंबाने चोचीत सोडून तो गोळा हलक्या हाताने पुन्हा पुन्हा चोळला, नंतर दोन दिवस फक्त मऊ भात दिला, आणि वस्तीवरची मानमोडी तेवढ्यावर निवाली.

पावसाळ्यात पिलांच्या शीटेत खरे रक्त दिसले तर मात्र उशीर करू नये. आतड्याच्या अस्तराचे तांबूस धागे अधूनमधून पडतात ते निराळे, आणि पंख गाळून, अंग आकसून उभ्या राहिलेल्या पिलांची रक्ती हगवण निराळी. ओल आणि ऊब मिळाली की या रोगाचे अतिसूक्ष्म बीज एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होते, म्हणून निम्मा इलाज अंथरणाचा भुसा कोरडा ठेवण्यात आहे. उरलेला निम्मा म्हणजे पाण्यातून द्यावयाचे अँप्रोलियम, पशुवैद्य सांगतील त्या मात्रेत. त्याच वेळी कनवाळूपणाने बी-जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजणारा माणूस त्या औषधाची निम्मी शक्ती आपल्या हाताने घालवितो, कारण अँप्रोलियम काम करते तेच रोगजंतूला बी-१ मिळू न देऊन. दुकानदाराने प्रत्येक शीटेवर एकच प्रतिजैविकाची पुडी बांधून द्यावी, आणि तिचा अंश अंड्यातून घरच्याच लेकरांच्या ताटात जावा, हा प्रकार सर्वत्र चालतो.

मानमोडीला औषधच नाही. धापणे, पाण्यासारखी हिरवी हगवण, लुळे पडणारे पाय, आणि वाचलीच तर पिळवटलेली मान, ही तिची लक्षणे. विषाणूपुढे प्रतिजैविकाचे काही चालत नाही. पोथीत तिचे नाव राणीखेत, कारण कुमाऊँतील त्या गावी हा रोग १९२८ च्या सुमारास नोंदला गेला. आणि १८८९ साली पुण्यात स्थापन होऊन पुढे त्याच मुलखात मुक्तेश्वरास हलविलेल्या सरकारी प्रयोगशाळेत जी लस सिद्ध झाली, तीच आपण आजही आठव्या आठवड्यानंतर पंखाखाली टोचतो. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब घालावयाचे ते वेगळ्या लसीचे. खरी अडचण लसीची नाही, बाटलीची आहे: एका बाटलीत शंभर-दोनशे मात्रा, आणि एका घरी कोंबड्या सात. लस एकदा विरघळविली की बर्फातदेखील तास-दोन तासच टिकते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि तडवी वस्त्यांवर आम्ही आदल्या संध्याकाळीच सांगावा धाडीत असू, की उद्या उजाडण्यापूर्वी कोणी खुराडे उघडू नये. एकदा कोंबड्या रानोमाळ पांगल्या की बाटली वाया जावयाची. ज्या वस्तीने हे ऐकले तिथे कोंबडी टिकली, असा माझा अनुभव आहे.

शीट वाचण्याची ही विद्या कुठवर चालते, त्याचा फैसला या मुलखाने २००६ साली पाहिला. फेब्रुवारीत नवापूरला, म्हणजे पूर्वीच्या धुळे जिल्ह्याच्या आणि १९९८ पासून नंदुरबारच्या हद्दीत, कुक्कुटशाळांतून पक्षी मरू लागले तेव्हा ती मानमोडीच असावी असाच प्रथम समज झाला. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीस बर्ड फ्लूचा, एच५एन१ विषाणूचा, निर्वाळा दिला. देशातली ती पहिलीच नोंद. मार्चच्या मध्यास तोच रोग जळगाव जिल्ह्यात मारूळ, सावदा, हातेड आणि साळवा या गावी घरगुती, परसातल्या कोंबड्यांत सापडला. हिरवी हगवण, सुजलेले तोंड, निळा पडलेला तुरा, एका रात्रीत मरणारे पक्षी: या दोन रोगांत खुराड्याच्या दाराशी उभे राहून फरक करणे मलाच काय, कोणालाही साधणार नाही, आणि साधते असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. एक कोंबडी आजारी असेल तर तिला वेगळी काढा, गोणपाट घाला, अन्नपिशवी चाचपा, मग औषधाचा विचार करा. परंतु दोन दिवसांत चार कोंबड्या मेल्या तर शीट पाहत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघडा हात लावू नका, ते नाल्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका, ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्या. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशी वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले आहे, आणि ती ग्रामपंचायतीत दिली तरी चालते.