वरळीच्या स्टुडिओत कपाशीचे बोंड

धरणगावच्या काळ्या रानातला माणूस टीव्हीवर कपाशीविषयी बोलायला निघाला की घरचे आधी त्याच्या टोपीला इस्त्री करतात. करावी. पण पिशवीत हिरवी बोंडे आणि डोमकळ्याही भरून द्या, अन् थोड्या जास्तीच्याच द्या.

जळगावला मुंबईची गाडी धरायची आणि दादरला उतरून वरळी गाठायची. दूरदर्शनचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’ हा आपल्या ओळखीचा कार्यक्रम इथलाच.

स्टुडिओला खिडकी नसते. आत दिव्यांचा लखलखाट आणि चाकांवर फिरणारे तीन कॅमेरे. एक तुमच्याकडे रोखलेला, दुसरा मुलाखत घेणाऱ्याकडे, तिसरा टेबलावरच्या बोंडाकडे. तिन्ही एकाच वेळी चालू! निर्माता वेगळ्या खोलीत बसतो. त्याच्यासमोर तिन्ही चित्रे असतात. तो “दोन”, “तीन” असे सांगतो, शेजारचा बटण दाबतो आणि तेवढेच चित्र पुढे जाते. ज्या कॅमेऱ्याचे चित्र जाते त्याच्यावर लाल दिवा लागतो. त्या दिव्याच्या मागे डोळे फिरवू नका. विचारणाऱ्याकडे पाहून बांधावर बोलता तसे बोला.

एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. एकच कॅमेरा असला तर तुमचा चेहरा घेतल्यावर बोंडासाठी तेच काम पुन्हा करावे लागते. अन् बोंड तर एकदाच फुटते! अमेरिकेत १९५१ साली ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांनी टिपू लागले. एकदा येऊन गेलेला हशा पुन्हा तसाच कुठून आणायचा?

आपल्याला तर गुलाबी बोंडअळी दाखवायची आहे. बोंड बाहेरून चांगले दिसते, अळी आत सरकी खात असते. पडद्यावर नुसता तुमचा चेहरा राहिला, तर घरी बघणारा आपली बोंडे फोडून पाहणार नाही. वीस बोंडांत दोन किडलेली निघाली की उपायाची वेळ आली, हे त्याला कळायला हवे.

म्हणून बोंड सांगितलेल्या जागीच, टेबलाला हात टेकवून फोडा. अळी दिसली की मनात पाच मोजेपर्यंत हात हलवू नका. तिसऱ्या कॅमेऱ्याला तेवढा वेळ लागतो. पहिल्या बोंडात अळी निघाली नाही तर दुसरे घ्या. जास्तीची बोंडे त्यासाठीच आणायची.