उलटा वाळणारा शर्ट

१ ऑगस्ट २०२५, जुम्म्याचा दिवस. असरनंतर चाचा बेकरीतून घरी आले ते मोबाइल हातात धरूनच. "खालिद जमील भारताचे कोच झाले," एवढेच बोलले आणि ओट्यावर बसून राहिले. आनंदाची बातमी आणणाऱ्या माणसाचा चेहरा तो नव्हता.

आमचे चाचा फुटबॉल खेळायचे. उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, हे सांगितले की लोक हसतात. हा जिल्हा खो-खोचा. भारताच्या कर्णधार राहिलेल्या सारिका काळे इथल्याच, त्यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. चाचांना मात्र गोल करण्यापलीकडे काही येत नव्हते. पहाटे अब्बांबरोबर भट्टीवर पाव-खारी काढायची आणि बोलावणे येईल तिकडे एसटीने निघायचे. सोलापूर, लातूर, गुलबर्गा, दोनदा कोल्हापूर. या महिन्यात एका मंडळाचा शर्ट, पुढच्या महिन्यात त्याच मंडळाविरुद्ध गोल. हाती यायचे भाडे, जेवण आणि जिंकले तर बक्षिसातला वाटा. अशी बारा वर्षे. स्थळे यायची तेव्हा "मुलगा काय करतो?" या प्रश्नावर दादी "बेकरी" म्हणायच्या. फुटबॉलचे नाव निकाह होईपर्यंत कोणी काढले नाही.

खालिद जमील चाचांच्याच वयाचे. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. मुंबईत ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा संघांतून मधल्या फळीत खेळले. भारताकडूनही खेळले, पण दुखापतींनी त्यांना फार काळ मैदानावर राहू दिले नाही. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडून त्यांना बोलावणे होते. तिथे पैसा होता, नाव होते, लाखभर प्रेक्षकांचे मैदान होते. पण दोन्ही क्लबांच्या नावापुढे तेव्हा दारूच्या कंपनीचे नाव लागत असे. ते गेले नाहीत.

२००९ मध्ये खेळणे थांबवून ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. छोटा क्लब, मोजके पैसे, दर मोसमात खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती. सात वर्षे त्यांनी त्याला घसरू दिले नाही. मग त्यांना काढले गेले. ते मिझोरामच्या आयझॉलला गेले. आदल्या मोसमात घसरून नशिबाने परत घेतलेला तो संघ. मुंबईचा जयेश राणे तिथे त्यांच्याबरोबर होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये तो संघ आय-लीग जिंकला आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरली. चाचांनी त्या दिवशी गल्लीत फुकट नानकटाई वाटली होती. कशासाठी, ते आम्हाला तेव्हा कळले नव्हते.

त्या जुम्म्याच्या संध्याकाळी चहा घेताना आमच्या भाईजानने हीच कोलकात्याची गोष्ट मुलांना सांगायला घेतली. हराम पैसा नाकारला, म्हणून अल्लाहने आज हे दिवस दाखवले, असा त्याचा सूर. चाचा मध्येच म्हणाले, "पुढे कोच म्हणून ते त्याच दोन्ही क्लबांत गेले होते. ते पण सांग." भाईजान गप्प झाला.

मग चाचा बोलले ते स्वतःबद्दल. शेवटच्या दोन मोसमांत ते ज्या संघाकडून खेळले, त्याच्या शर्टावर एका परमिट रूमचे नाव होते. सामन्याला ठरलेले पैसे मिळायचे, बारा वर्षांत पहिल्यांदाच. त्याच पैशांतून भट्टी नव्याने बांधली.

आम्हा भावंडांना एकदम आठवले. तो पिवळा शर्ट चाचा स्वतः नळावर धुवायचे आणि नेहमी उलटा करून वाळत घालायचे. रंग उडू नये म्हणून, असे आम्हाला सांगायचे. आम्ही तोच शर्ट घालून अंगणात चाचांची नक्कल करायचो. भट्टीचा पाव तर आजही खातो. भाईजानने मुलांकडे पाहिले, मुलांनी चाचांकडे. कोणाला काय बोलावे सुचेना.

दादी तसबीह फिरवत होत्या. थांबून म्हणाल्या, "मेरेकू मालूम था."

चाचांनी मान वर केली.

"वाळल्यावर घडी कोण घालत होतं? मला अक्षरं येत नाहीत, बाटलीचं चित्र कळतं. तू सांगशील म्हणून वाट पाहत होते. सतरा वर्षं लावलीस."

चाचा उठून आत गेले. मगरिबला आमच्याबरोबर मशिदीत आले, परतताना नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. गुडघा असेल, असे आम्ही म्हटले.

त्यानंतर खालिद जमील यांच्या संघाने सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवले आणि ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून आशिया चषकाची वाट गमावली. लोकांनी शिव्याही दिल्या. चाचा दोन्ही सामने पुरते पाहत बसले.

भाईजानच्या मुलाला आता मुंबईत एका संघाच्या निवड चाचणीला जायचे आहे. वय पंधरा, डावा पाय चाचांसारखाच. भाईजान आधी दहावी म्हणतो, वहिनी रडते. अब्बांनी निर्णय चाचांवर सोपवला. चाचांनी लातूर-मुंबई गाडीची दोन तिकिटे काढून आणली, एक स्वतःचे. निघायच्या आदल्या रात्री पोराने विचारले, "चाचादादा, शर्टावर तसलं काही नाव असलं तर?"

"आधी बघू कोणाचं नाव आहे," चाचा म्हणाले. "काही असलं तर मला तिथंच सांगायचं. दादीपर्यंत न्यायचं नाही."

दादींनी आतून विचारले, "काय न्यायचं नाही?"